शिंबीवर्गीय पिकांची नत्राची जाणीव आणि मुळांचे नियमन : वऱ्हाडातील बेवडाच्या संदर्भात

सारांश : शिंबीवर्गीय वनस्पती हवेतील नत्र जिवाणूंच्या साहाय्याने वापरतात, ही बाब सर्वपरिचित आहे. मात्र किती गाठी धरावयाच्या, त्या केव्हा थांबवावयाच्या आणि मुळांचा विस्तार कोणत्या दिशेने करावयाचा, याचा निर्णय जमिनीतील व स्वतःच्या अंगातील नत्राचा अंदाज घेऊन वनस्पतीच करते, ही बाब तुलनेने कमी परिचित आहे. प्रस्तुत लेखात या निर्णयप्रक्रियेचे स्पष्टीकरण करून अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पीकपद्धतीच्या संदर्भात तिचा अर्थ मांडला आहे.

बीजशब्द : नत्रस्थिरीकरण, मूळग्रंथी, रायझोबियम, नायट्रेट, बेवड, सोयाबीन, तूर, हरभरा.

प्रस्तावना

वऱ्हाडातील शेतकरी पिकांच्या फेरपालटाविषयी बोलताना ‘बेवड’ हा शब्द वापरतो. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला बरा-वाईट परिणाम म्हणजे बेवड. तूर, मूग, उडीद आणि हरभरा यांचा बेवड चांगला, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ज्वारीसोबत मूग-उडीद, कपाशीत तुरीचे तास आणि रब्बीत हरभरा ही या भागातील जुनी पीकरचना याच अनुभवावर उभी होती. १९९० नंतरच्या काळात सोयाबीनने ज्वारी, मूग व उडीद यांच्या क्षेत्राचा मोठा भाग व्यापला. सोयाबीन हेही शिंबीवर्गीय पीक असल्यामुळे त्याचा बेवडही आपोआप चांगलाच राहील, असे सामान्यतः गृहीत धरले जाते.

याच सोयाबीनचे पीक ऑगस्टच्या झडीत पिवळे पडले की त्यास युरिया देण्याचा प्रघातही आढळतो. एकीकडे हे पीक जमिनीस नत्र देते असे मानावयाचे आणि दुसरीकडे त्यालाच पिशवीतील नत्र द्यावयाचे, या दोन गोष्टींत विसंगती आहे. ती समजून घेण्यासाठी वनस्पतीस नत्राची जाणीव कशी होते, हे पाहणे आवश्यक ठरते.

१. हवेतील नत्र आणि त्याचे मोल

हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जोडलेले असल्यामुळे कोणतीही वनस्पती तो थेट वापरू शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात शिंबीवर्गीय वनस्पती मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र मिळवितात, हे सिद्ध केले. १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे करून दाखविले. पुढे या जिवाणूंना रायझोबियम हे नाव रूढ झाले.

गाठीतील जिवाणू नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्याने नत्रवायूचे अमोनियात रूपांतर करतात. नत्राच्या एका रेणूसाठी एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा पानांत तयार झालेल्या शर्करेतून येते. एक ग्रॅम नत्र मिळविण्यासाठी वनस्पतीस साधारणतः सहा ग्रॅम कर्ब खर्चावा लागतो, असा एक प्रचलित अंदाज आहे. याखेरीज प्राणवायूच्या संपर्कात नायट्रोजिनेज निकामी होत असल्याने गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगाचे प्रथिन तयार करावे लागते. ते प्राणवायूस बांधून ठेवते आणि जिवाणूंच्या श्वसनास लागेल तेवढाच पुरविते. काम करणारी गाठ कापली असता आतून गुलाबी-लाल दिसते, ती या प्रथिनामुळेच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हवेतील नत्र शेतकऱ्यास फुकट असला तरी वनस्पतीस तो फुकट नाही. त्यामानाने मुळांपाशी उपलब्ध असलेला नायट्रेट घेणे वनस्पतीस स्वस्त पडते. म्हणून जमिनीत नत्र आहे किंवा नाही, याची जाणीव ठेवणे ही तिच्या दृष्टीने जीवनावश्यक बाब आहे.

२. गाठ धरण्याची प्रक्रिया

नत्राची उणीव भासणाऱ्या वनस्पतीची मुळे मातीत फ्लॅव्होनॉइड वर्गातील संयुगे सोडतात. ती ओळखून योग्य जातीचे जिवाणू ‘नॉड घटक’ या नावाने ओळखले जाणारे रासायनिक संदेश तयार करतात. मूळरोमांवरील विशिष्ट ग्राही प्रथिने हा संदेश ओळखतात. ही ग्राही प्रथिने २००३ मध्ये लोटस जापोनिकस या प्रायोगिक शिंबी वनस्पतीत प्रकाशात आली. संदेश पोहोचताच पेशीच्या केंद्रकाभोवती कॅल्शियमच्या प्रमाणात ठरावीक लयीने चढ-उतार होऊ लागतात आणि ‘निन’ हे जनुक कार्यान्वित होते. त्यानंतर मूळरोम वळतो, जिवाणू आत शिरतात आणि मुळाच्या आतील पेशींचे विभाजन सुरू होऊन गाठ आकार घेते.

गाठ व उपमूळ यांचे नातेही लक्षात घेण्याजोगे आहे. उपमुळांच्या वाढीस आवश्यक असलेल्या जनुकांपैकी काही जनुके ‘निन’ गाठीच्या निर्मितीसाठी वापरून घेते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे मूळ फोडण्याच्या जुन्या यंत्रणेचाच शिंबीवर्गीय वनस्पतींनी नव्या कामासाठी उपयोग केला आहे. त्यामुळे गाठींचे नियमन आणि मुळांच्या विस्ताराचे नियमन यांचा विचार परस्परांपासून वेगळा करता येत नाही.

जिवाणू व पीक यांची जोडी ठरलेली असते. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जापोनिकम, तर हरभऱ्याला मेसोरायझोबियम गटातील जिवाणू लागतात. मूग, उडीद, तूर व चवळी यांना ब्रॅडीरायझोबियम गटातील जे जिवाणू चालतात, ते भारतीय जमिनींत सर्रास आढळतात. म्हणूनच मूग-तुरीच्या शेतात हरभरा किंवा सोयाबीन प्रथमच घेताना त्या पिकाचे स्वतंत्र जिवाणू संवर्धन बियाण्यास लावणे महत्त्वाचे ठरते.

३. गाठींची मोजदाद

पुरेशा गाठी धरल्यानंतर वनस्पती नव्या गाठी थांबविते. १९८४ मध्ये कॉस्लॅक व बोहलूल यांनी सोयाबीनच्या रोपाची मुळे दोन भागांत विभागून एका भागास आधी जिवाणू दिले. दुसऱ्या भागास काही दिवसांनी जिवाणू दिले असता तेथे गाठी धरण्याचे प्रमाण घटले. दोन्ही भागांचा एकमेकांशी थेट संपर्क नव्हता. अर्थात निरोप वरच्या अंगाने, म्हणजे खोड व पानांच्या मार्गाने गेला असला पाहिजे.

हा मार्ग आता बराचसा उलगडला आहे. गाठ धरू लागलेले मूळ ‘सीएलई’ गटातील लहान पेप्टाइडे तयार करते. ती जलवाहिन्यांतून पानांपर्यंत जातात. पानांतील एक ग्राही प्रथिन ती ओळखते. सोयाबीनमध्ये या ग्राहीस ‘नार्क’ म्हणतात. त्याचे जनुक २००३ मध्ये निश्चित झाले. सामान्य स्थितीत पानांतून ‘एमआयआर-२१११’ हा सूक्ष्म आरएनए रसवाहिन्यांतून मुळांकडे जात असतो आणि गाठींना विरोध करणाऱ्या ‘टीएमएल’ या घटकास दाबून ठेवतो. पानांना सीएलईचा निरोप मिळाला की या सूक्ष्म आरएनएचा पुरवठा घटतो, टीएमएल वाढते आणि नव्या गाठी थांबतात. ही साखळी २०१८ मध्ये लोटसच्या अभ्यासातून स्पष्ट झाली.

ही मोजदाद बिघडली तर काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅरोल, मॅकनील व ग्रेशॉफ यांनी सोयाबीनच्या ‘ब्रॅग’ वाणातून काही उत्परिवर्तित झाडे मिळविली. त्यांवर सामान्य झाडांच्या कितीतरी पट गाठी धरत आणि नायट्रेट दिले तरी त्या थांबत नसत. परंतु अशा झाडांची वाढ सामान्य झाडांपेक्षा कमी राहिली. अधिक गाठी म्हणजे अधिक उत्पन्न, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. मोजदाद हे झाडाच्या काटकसरीचे साधन आहे.

भारतातही असे वैविध्य नोंदविले गेले आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील ओ. पी. रुपेला यांनी हरभऱ्याच्या प्रचलित वाणांमध्येच अजिबात गाठी न धरणारी तुरळक झाडे आढळतात, हे १९९० च्या दशकात दाखवून दिले.

४. नत्राची जाणीव : तृप्ती आणि भूक

जिवाणूंची मोजदाद ही एक बाजू झाली. दुसरी बाजू नत्राच्या जाणिवेची आहे. मुळांच्या पेशीभित्तीलगतच्या आवरणात नायट्रेटची वाहतूक करणारी प्रथिने असतात. त्यांपैकी एक प्रथिन वाहक आणि संवेदक अशा दोन्ही भूमिका पार पाडते, हे मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीत २००९ मध्ये आढळले. पेशीच्या आत ‘एनएलपी’ गटातील प्रथिने नायट्रेटची वार्ता केंद्रकापर्यंत पोहोचवितात. शिंबीवर्गीय वनस्पतींत हीच प्रथिने नायट्रेट मिळताच केंद्रकात शिरतात आणि गाठींना प्रतिबंध करणारी जनुके जागी करतात, असे २०१८ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांतून दिसून आले.

सोयाबीनमध्ये नायट्रेटमुळे मुळांतच एक स्वतंत्र सीएलई पेप्टाइड तयार होते व तेथल्या तेथे नार्ककडून ओळखले जाते, असे २०११ मधील संशोधन सांगते. जिवाणूंचा हिशेब पानांत आणि नायट्रेटचा हिशेब मुख्यत्वे मुळांत, अशी ही विभागणी आहे. म्हणून विभागलेल्या मुळांच्या ज्या बाजूस नायट्रेट असते, त्या बाजूच्या गाठींवर परिणाम सर्वाधिक होतो.

आधीच धरलेल्या गाठीही सुरक्षित राहत नाहीत. नायट्रेट वाढले की त्यांचे काम मंदावते आणि त्या अकाली जीर्ण होतात. यामागे जस्ताची भूमिका असल्याचे २०२४ मध्ये डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधनातून पुढे आले. नायट्रेट वाढले असता गाठीच्या पेशींतील मुक्त जस्त घटते, त्यामुळे ‘फन’ नावाचे प्रथिन मोकळे होते आणि गाठ मोडून टाकणारी प्रक्रिया सुरू करते.

तृप्तीप्रमाणेच भुकेचाही निरोप असतो. नत्र कमी पडले की मुळे ‘सीईपी’ गटातील पेप्टाइडे तयार करतात. मेडिकागो या शिंबी वनस्पतीत ही पेप्टाइडे पानांच्या मार्गाने गाठींना अनुकूल परिस्थिती निर्माण करतात व त्याच वेळी उपमुळांची संख्या मर्यादित ठेवतात. विशेष म्हणजे भुकेचा हा निरोपही शेवटी एमआयआर-२१११ वरच येऊन मिळतो. सीएलई त्याचा पुरवठा घटविते, सीईपी वाढविते. पानांत या दोन निरोपांची जणू वजाबाकी होते आणि तिचे उत्तर मुळांना कळविले जाते.

५. वऱ्हाडच्या जमिनीतील अर्थ

(अ) पेरणीच्या वेळी : उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीवांचे कार्य अचानक वाढून सेंद्रिय पदार्थांतील नत्र मोकळा होतो. त्यामुळे पेरणीच्या वेळी मुळांभोवती काही नायट्रेट आधीच असतो. गाठींकडून नत्र मिळण्यास साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात. तोवरची गरज भागविण्यासाठी पेरणीसोबत हेक्टरी २० ते ३० किलो नत्राची अल्प मात्रा सुचविली जाते. ही मात्रा झाडास उभे करते. ती लवकर संपत असल्यामुळे गाठींना दीर्घकाळ अडवीत नाही.

(आ) उभ्या पिकास युरिया : ४५ किलोच्या पिशवीत सुमारे २१ किलो नत्र असतो. एकरी एक पिशवी म्हणजे हेक्टरी ५० किलोंहून अधिक नत्र झाला. तोही गाठी भरात असताना. जमिनीत युरियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते आणि झाड आपला हिशेब बदलते. पीक काही दिवसांत हिरवे दिसते खरे. परंतु दिलेल्या नत्राचा काही भाग हवेतून मिळणाऱ्या नत्रात भर न घालता केवळ त्याची जागा घेतो.

(इ) पिवळेपणाचे निदान : पिवळेपणा नेहमीच नत्राच्या उणिवेचा नसतो. नत्र झाडाच्या अंगात सहज फिरतो, त्यामुळे त्याच्या उणिवेत खालची, जुनी पाने प्रथम पिवळी पडतात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह उपलब्ध न झाल्यास शेंड्याची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसतात. पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग असून त्यात पानांवर हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. लोहाची उणीव व मोझॅक यांवर युरिया हा उपाय नव्हे. चिबडलेल्या जमिनीत तर मुळे व गाठी या दोहोंना प्राणवायू मिळत नाही. तेथे पाण्याचा निचरा आणि वाफसा आल्यावर डवरणी हाच पहिला उपाय ठरतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षारता व मंद निचरा यांमुळे ही अडचण अधिक तीव्र होते.

(ई) कपाशी व तूर : कपाशीची नत्राची गरज बरीच अधिक असल्याने तिला हप्त्याहप्त्याने खत द्यावे लागते. नायट्रेटचा परिणाम मुख्यत्वे स्थानिक असल्यामुळे हे खत कपाशीच्या ओळीपुरतेच, झाडाच्या बुडाशी दिले आणि तुरीचे तास त्यातून वगळले, तर एकाच शेतात कपाशीस नत्र व तुरीस गाठी या दोन्ही गोष्टी साधतात. खत सरसकट फेकल्यास हा लाभ गमावला जातो.

(उ) जिवाणू संवर्धन : दहा ते पंधरा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड द्रावणातून लावून बियाणे सावलीत सुकविले जाते. बुरशीनाशक वापरावयाचे झाल्यास ते आधी आणि जिवाणू नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

या भागात वाणांच्या संशोधनाची परंपरा समृद्ध आहे. अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ मध्ये झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने १९८५ मध्ये प्रसारित झालेल्या ‘टीएयू-१’ या उडदाच्या वाणाच्या नावातच तुर्भे व अकोला ही दोन्ही गावे आहेत. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून ‘सुवर्ण सोया’ व ‘पीडीकेव्ही अंबा’ हे सोयाबीनचे वाण आले. चांगल्या वाणाची क्षमता प्रत्यक्षात उतरण्यासाठी त्याच्या मुळांशी चालणारा हा व्यवहारही समजून घेणे तितकेच आवश्यक आहे.

६. बेवडाचा हिशेब

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. म्हणजे एका क्विंटलमागे सुमारे ६ किलो नत्र शेताबाहेर जातो. हेक्टरी १५ क्विंटल उत्पन्न धरल्यास हा आकडा ९० किलो होतो. उदाहरणादाखल, कुटार व पाला धरून पिकात एकूण ११० किलो नत्र आहे असे मानू. त्यापैकी तीन-चतुर्थांश हवेतून आला असेल, तर ८२ किलो मिळाले व ९० किलो गेले. जमीन जवळपास बरोबरीत राहिली. निम्माच हवेतून आला असेल, तर ५५ किलो मिळाले आणि जमिनीच्या खात्यावर ३५ किलोंची तूट आली. कुटारही शेताबाहेर गेले तर ही तूट आणखी वाढते.

तुरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या दाण्यात प्रथिने सुमारे २२ टक्के असल्याने क्विंटलमागे साडेतीन किलोंच्या आसपास नत्र बाहेर जातो. शिवाय तिचा पाला महिनोन्‌महिने त्याच जमिनीवर गळत राहतो आणि खोल मुळे तेथेच कुजतात. तुराट्या घरी नेल्या तरी पाल्यातील नत्र शेतातच उरतो. जुन्या शेतकऱ्यांनी तुरीचा बेवड वाखाणला, त्यामागे हे गणित आहे. सोयाबीनला तोच लौकिक विनाअट देता येत नाही.

समारोप

बेवड हा शिंबीवर्गीय पिकाचा जन्मजात गुण नसून त्या हंगामात पिकाने हवेतून किती नत्र घेतला आणि शेतकऱ्याने किती बाहेर नेला, यांतील फरक आहे. त्यातील पहिली बाजू वनस्पती स्वतः ठरविते आणि मुळांभोवतीच्या नायट्रेटनुसार ती बदलते. म्हणून उभ्या पिकास युरिया देण्यापूर्वी पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी काही झाडे मातीसह खोदून काढून गाठी कापून पाहणे हे सर्वांत सोपे परीक्षण होय. आतून गुलाबी-लाल गाठी मुबलक असतील तर खताची गरज नाही. गाठी नसतील किंवा आतून पांढऱ्या-हिरवट असतील, तर पिकास नत्राचा आधार द्यावा आणि पुढील हंगामात जिवाणू संवर्धनाकडे लक्ष द्यावे. शेंगा भरण्याच्या काळात आधाराची गरज भासल्यास दोन टक्के युरियाची फवारणी मुळांभोवती फारसा नायट्रेट न वाढविता काम करते. हेक्टरी ५०० लिटर द्रावणातून पाच किलोंहूनही कमी नत्र दिला जातो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही या विषयात करण्याजोगे बरेच आहे. मुगाच्या रोपाची मुळे दोन कुंड्यांत विभागून एका कुंडीस नायट्रेटचे द्रावण व दुसरीस साधे पाणी देणे आणि महिनाभराने दोन्हीकडील गाठी मोजणे, हा प्रयोग अत्यल्प खर्चात होतो. त्याचे निष्कर्ष विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील शेतात खोदलेल्या झाडांशी ताडून पाहिल्यास वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र व शेतीचे अर्थशास्त्र या तीनही विषयांच्या अध्यापनास त्याचा उपयोग होईल, आणि त्या गावातील युरियाचा निर्णय अंदाजाऐवजी प्रत्यक्ष पाहणीवर घेता येईल.